सगळ्यांना झोपवणाऱ्या मॅडम

"कोण जागं आहे इथं?"

सकाळी ऑफिसचं दार ढकलून मॅडम आत आल्या की पहिलं वाक्य हे. प्रश्न आम्हाला नसायचा. आम्ही जागे आहोत की पेंगतोय याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. प्रश्न असायचा चार्जरला, प्रिंटरला, प्रोजेक्टरला आणि कुणीतरी चालू ठेवून गेलेल्या प्रत्येक यंत्राला. मग उजव्या हाताची पालथी बोटं एकेकाच्या अंगाला लावत त्या सगळ्या ऑफिसात फिरायच्या, आई लेकराचा ताप बघते तशा. एखादं कोमट लागलं की थांबायच्या, वाकायच्या आणि अगदी मायेनं म्हणायच्या, "काम नाही ना? मग झोप." आणि बटण बंद.

पाण्याचा कूलर तर त्यांची चप्पल जिन्यात वाजली की आपला आपण बंद पडायचा. मी हे शपथेवर सांगतो. बालाजी म्हणतो, कूलर बिघडलेला होता. बालाजी लातूरकडचा, त्याला कशातच चमत्कार दिसत नाही.

मॅडम आमच्या ऑफिसच्या मुख्य. आमचं ऑफिस पिंपळे सौदागरला, खाली पनीर-खव्याचं दुकान आणि वर आम्ही, चिपचे नकाशे काढणारे. नखाएवढ्या चिपमध्ये एक अख्खं गाव वसलेलं असतं. कुठला भाग मोजतो, कुठला लक्षात ठेवतो, कुठला बाहेर निरोप धाडतो. या भागांना आम्ही ब्लॉक म्हणतो. बालाजी निरोप धाडणारा रेडिओ ब्लॉक बनवायचा, चिपळूणची श्रद्धा मोजणारा ब्लॉक बनवायची. मी काही बनवत नाही. चिप तयार होऊन आली की तिला टेबलावर झोपवून छळणं, ती कुठं कुठं किंचाळते ते लिहून ठेवणं, हे माझं काम. देहानं मी दोन माणसांचा आणि आवाजानं चार माणसांचा, म्हणून मॅडम मला पैलवान म्हणायच्या. मी बोलायला लागलो की त्या हात वर करायच्या. "पैलवान, हळू. तुमच्या आवाजाच्या विजेवर एक टेम्पो नाशिक फाट्यापर्यंत जाईल."

वीज वाचवणं हा त्यांचा धंदा होता असं म्हटलं तर ते कमी होईल. तो त्यांच्या घरचा कुळाचार होता. त्यांचे वडील जन्मभर कारखान्यात रात्रपाळीला. घर कासारवाडीला, रुळाच्या इतकं जवळ की गाडीतल्या माणसानं हात लांब केला तर त्यांच्या दोरीवरचा टॉवेल ओढावा. सकाळी वडील यायचे, जेवायचे आणि आडवे व्हायचे. तिथून दुपार उलटेपर्यंत घरातली मुलं कुजबुजून भांडायची. मॅडम सांगायच्या की त्या पाढेसुद्धा ओठांतल्या ओठांत शिकल्या.

"गंमत बघा," त्या म्हणायच्या, "उशाशी आख्खी मालगाडी जायची, आप्पा हलायचे नाहीत. पण स्वयंपाकघरात आईच्या हातून वाटी निसटली की ताडकन उठून बसायचे. आणि एकदा उठले की दिवसभर घराचं काही खरं नसायचं. कुणाला कशासाठी उठवायचं, हे ठरवता आलं पाहिजे. उठवण्याची किंमत झोपेपेक्षा जास्त असते."

तुम्हाला वाटेल हे घरगुती बोलणं झालं. साहेब, आमच्या धंद्याचं अर्धं शास्त्र हेच आहे. चिपमधला जो ब्लॉक रिकामा बसलाय त्याची वीज तोडायची, पण दर क्षणाला तोडून जोडत बसलात तर त्या उठबशीतच सेल संपतो. मोठमोठ्या जाड पुस्तकांतून मी हे वाचलं होतं आणि विसरलो होतो. वाटी पडल्याची गोष्ट विसरलो नाही.

ऑफिसातले दिवेही त्यांनी बदलून घेतले. माणूस हलला तर पेटणारे, कुणी हललं नाही तर थोड्या वेळानं विझणारे. दिवे चांगले होते, पण आमचा धंदा विचार करण्याचा, आणि विचार करणारा माणूस हलत नाही. बालाजी एखाद्या गणितात शिरला की त्याच्या डोक्यावरचा दिवा जायचा. मग त्यानं दोन्ही हात वर करून ओवाळायचं. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, इथं सारखी कसली तरी आरती चालते. खालचा पनीरवाला खरोखरच एकदा प्रसाद मागायला वर आला होता. हेही बालाजीला मान्य नाही.

आता त्या चिपबद्दल. चाकणला एक कारखानदार होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. मूळचे तिथलेच शेतकरी, आता गाड्यांचे सुटे भाग बनवतात. त्यांना टायरच्या आत बसणारा एक छोटा सेन्सर करायचा होता. हवा कमी झाली की त्यानं ड्रायव्हरला कळवायचं. आत गोल बटणासारखा एक सेल, बस. तो सेल टायर झिजून जाईपर्यंत पुरला पाहिजे.

"त्यो बदलायचा न्हाई बरं का," अण्णांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "टायर एकदा चढला की कोन उघडतंय? आमचा डायव्हर पंक्चर झाल्याबिगर खाली बी उतरत न्हाई."

म्हणजे चाक फिरत असताना थोडा वेळ उठायचं, मोजायचं, कळवायचं आणि परत झोपायचं. त्या चिपचं आयुष्य म्हणजे झोपच, मधेमधे एखादी जांभई. मॅडमच्या नशिबात असं काम यावं म्हणजे सुगरणीच्या घरी पाहुणे आल्यासारखं. त्या तरातरा कामाला लागल्या. पहिल्या नमुन्यात चिप प्रत्येक खड्ड्याला उठायची. चाकण-तळेगाव रस्त्यावर ती झोपलीच नाही, बिचारी. मॅडमनी चिपला शिकवलं की खड्डा म्हणजे मालगाडी, तिकडं दुर्लक्ष कर, चाकाची फेरी म्हणजे वाटी, तिला ऊठ.

दुसरी भानगड वेगळी होती. मोजणारा ब्लॉक काम संपवून झोपला, पण निरोप धाडणाऱ्या ब्लॉकचा त्याचा आकडा वाचून व्हायचा होता. त्यानं अर्धवट आकडा धाडला आणि अण्णांची नवी कोरी गाडी मोशीच्या चौकात टायर फुटल्याचा कांगावा करत उभी राहिली. अण्णा चाकाभोवती फेऱ्या मारत होते, टायर टणटणीत. तेव्हा मॅडमनी नियम केला: शेजारचा ब्लॉक जागा असेल तर आपण झोपायचं नाही. तो जागा म्हणजे त्याचं काम उरलंय असं धरायचं, तो झोपला की मग डोळे मिटायचे. बालाजीनं आणि श्रद्धानं तो नियम असा भक्तिभावानं पाळला, जणू मंत्रच घेतलाय.

मग बऱ्याच महिन्यांनी खरी चिप छापून आली. मी तिला टेबलावर घेतली, मीटर लावलं. एकच आज्ञा देऊन अख्खी चिप झोपवली, मीटरचा काटा पाताळात. आम्ही खालून पेढे आणले. दुसऱ्या दिवशी चाक फिरवून, मोजमाप करून, निरोप धाडून तिला आपली आपण झोपायला सोडलं, आणि ती झोपेना. डोळे मिटून पडलेली, पण आत जागी. मीटर सांगत होतं की या चालीनं सेल टायरच्या आधी कितीतरी वर्षं मरणार.

आमच्या कंपनीचं मुख्य ऑफिस बंगळुरूला, तिथले मोठे साहेब पडद्यावर आले. गृहस्थ शांत होते, आणि शांत माणूस वाईट बातमी फार नीट सांगतो. म्हणाले, मोठा सेल घाला. अण्णा म्हणाले, मोठा सेल चाकात बसायचा न्हाई, चाक डुलतंय. साहेब म्हणाले, मग हा विषय इथं थांबवू. अण्णांच्या कारखान्यात ठरलेली तपासणी होईल, त्यात चिप झोपली तर ठीक, नाहीतर पिंपळे सौदागरचं ऑफिस बंद आणि तुम्ही सगळे बंगळुरूला या, कुणाचीही नोकरी जाणार नाही.

आमच्यापैकी बाकीच्यांनी बंगळुरूला जाऊन सांबार भुरकलं असतं हो. पण मॅडमच्या घरी आप्पा होते. म्हातारपणी रात्री जागायचे आणि दिवसा झोपायचे, पाळी सुटली तरी सवय सुटली नव्हती. एकदा मॅडमनी त्यांना पिंपळे सौदागरच्या एका नव्या सोसायटीत भावाकडे नेलं होतं, आठव्या मजल्यावर, गार शांत खोलीत. आप्पा तीन दिवस झोपले नाहीत. गाडी जात नव्हती ना. चौथ्या दिवशी कासारवाडीला परत आणलं, आणि लोणावळ्याची लोकल खिडकीला हादरे देत गेली तशी त्यांची मान उशीवर कलली. असा माणूस बंगळुरूला कसा न्यायचा? मॅडमनी हे साहेबांना सांगितलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "चिप झोपेल. मी झोपवेन."

पुढचे दिवस त्यांनी त्या चिपचा पिच्छा पुरवला. एकेक ब्लॉक वेगळा काढून तपासला. वेगळा काढला की तो शहाण्यासारखा झोपायचा. सगळे एकत्र सोडले की जागे. श्रद्धा म्हणाली, "माझा ब्लॉक झोपायला तयारच असतो हो." बालाजी म्हणाला, "माझाबी." मॅडम म्हणाल्या, "सगळे तयार आहेत, मग जागं कोण आहे?"

इथं आमच्या ऑफिसची एक रीत सांगायला हवी, आणि तुमच्याही ऑफिसात ती असणार. सहा वाजले की मॅडम केबिनमधून ओरडायच्या, काम नसेल तर घरी जा. आम्ही "हो मॅडम" म्हणायचो आणि बसून राहायचो. मॅडम बसल्यात आणि आपण पिशवी उचलून निघायचं, हे आपल्याकडं बरं दिसतं का? मग श्रद्धा कीबोर्डच्या फटीतली धूळ काढायची. बालाजी एकच मेल उघडायचा, मिटायचा. मी स्क्रूड्रायव्हर उंचीप्रमाणे लावायचो. दिवा विझला की कुणीतरी ओवाळायचं. शेवटी मॅडम उठायच्या, आणि त्या गेटबाहेर पडेपर्यंत ऑफिस असं रिकामं व्हायचं, जणू आत साप निघालाय.

एक दिवस मॅडमच्या भाचीचं डोहाळजेवण होतं. साडेपाचलाच त्या आतल्या खोलीतून तयार होऊन आल्या. अंजिरी पैठणी, नाकात नथ, केसांत गजरा. जन्मभर सुती कुर्त्यात पाहिलेलं माणूस असं समोर आलं. बालाजी उठून उभा राहिला, त्यालाच कळेना का. मॅडम म्हणाल्या, "निघते. तुम्हीही फार बसू नका." आणि गेल्या.

पाच-दहा मिनिटांनी जिन्यात चप्पल वाजली. ओटीच्या सामानाची पिशवी टेबलावर राहिली होती. त्या आत आल्या, तर ऑफिसात अंधार. त्यांच्या पावलानं दिवा पेटला आणि उजेडात मी एकटा, एका पायात बूट, दुसऱ्याच्या नाडीच्या गाठीकडं बघत बसलेला.

"सगळे कुठं गेले?"

"घरी."

"इतक्यात? काम होतं ना?"

मी खोटं बोलण्यात तरबेज आहे, पण नथ घातलेल्या बाईसमोर जीभ सरळ होते. म्हटलं, "मॅडम, काम रोजच सहाच्या आधी संपतं. तुम्ही बसता म्हणून आम्ही बसतो."

त्यांनी ओटीची पिशवी उचलली आणि परत टेबलावर ठेवली. "मी तर तुम्ही बसता म्हणून बसते. माणसं बसलेली असताना मी कशी उठू?"

मी हललो नाही, त्या हलल्या नाहीत. डोक्यावरचा दिवा विझला. त्या अंधारातून मॅडमचा आवाज आला, अगदी हळू.

"पैलवान, बूट काढा. मीटर लावा."

सांगतो, मी पुष्कळ थाटाची माणसं पाहिली आहेत. पण पैठणीचा पदर कमरेला खोचून, नथ एका बाजूला सरकवून, हातात मीटरची टोचणी घेऊन चिपवर वाकलेली ती बाई पाहिली, तिच्यापुढं राजेरजवाडे फिके. मी चाक फिरवलं, चिपनं मोजलं, निरोप धाडला आणि नेहमीसारखी जागी राहिली. मॅडम म्हणाल्या, "आता फक्त बालाजीच्या ब्लॉकला सांगा, शेजाऱ्याकडं बघू नकोस. तुझं झालंय, तू जा."

मी तेवढी एक आज्ञा दिली. रेडिओ झोपला. तो झोपला म्हणून मोजणारा झोपला. त्याच्यामागं बाकीचे, एकापाठोपाठ एक, साप निघाल्यासारखे. मीटरचा काटा पाताळात.

"हा त्याच्यासाठी जागा, तो ह्याच्यासाठी जागा," मॅडम म्हणाल्या. "काम कुणालाच नाही." आधी त्या हसल्या. मग खुर्चीत बसल्या आणि नथ काढून हातात धरली. "आणि नियम माझाच."

एक आज्ञा देऊन सगळ्यांना एकदम झोपवत होतो, तेव्हा हे दिसणार कसं? घरातला कर्ता ओरडला की सगळे एकदम आडवे होतात. भानगड होते ती ज्यानं त्यानं आपापलं झोपायची वेळ आली की.

दुसऱ्या दिवशी साहेब पडद्यावर आले तेव्हा मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. सांगितलं, दोष बालाजीचा नाही, श्रद्धाचा नाही, मी केलेल्या नियमाचा आहे. साहेबांनी विचारलं, चिप परत छापावी लागेल? मॅडम म्हणाल्या, पुढच्या खेपेला नकाशातच सुधारू, पण आत्ता गरज नाही. चिपमध्ये एका छोट्या प्रोग्रामपुरती रिकामी जागा त्यांनी हट्टानं ठेवायला लावली होती, तेव्हा याच साहेबांनी ती चैन म्हणून नाक मुरडलं होतं. त्या जागेत नवा नियम बसला: ज्याच्या हातून शेवटचं काम होतं, त्यानं कुणाची वाट न बघता आधी झोपायचं. बाकीचे त्याच्यामागं जातील.

तपासणीच्या दिवशी अण्णांच्या शेडमध्ये माणसं उभी होती, जशी कुस्तीच्या फडाला असतात. चाक फिरलं. निरोप आला, हवा बरोबर. चाक थांबलं. सगळे मीटरकडं बघायला लागले. आकडा उतरला, उतरला, आणि इतका खाली गेला की अण्णा घाबरले.

"मेलं का काय?"

"नाही अण्णा," मॅडम म्हणाल्या. "झोपलं."

अण्णांनी स्वतः चाकाला हात घालून फिरवलं. निरोप आला. थांबवलं, झोपलं. परत फिरवलं. म्हातारा लहान पोरासारखा चाक फिरवत बसला, शेवटी मॅडमनीच त्यांचा हात धरला. "आता झोपू द्या की त्याला."

ऑफिस पिंपळे सौदागरलाच राहिलं. त्या संध्याकाळी सहा वाजता मॅडम केबिनमधून बाहेर आल्या, पिशवी खांद्याला. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मी निघाले." आणि गेल्या. पुढं रोज तसंच. काम असो, पाहुणा असो, साहेब पडद्यावर असोत, सहाला त्या पहिल्या उठायच्या, त्यांच्यामागं आम्ही. एकदा साहेबांचं वाक्य अर्ध्यावर होतं. मॅडम म्हणाल्या, "उरलेलं उद्या," आणि पडदा बंद. श्रद्धाची मुलगी म्हणायला लागली, आईची कंपनी बदलली का?

मागल्या वर्षी आप्पा गेले, दुपारच्या झोपेतच. मॅडम म्हणाल्या, "गाडी गेली, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आज त्यांनी उठावं." नंतर त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि तारीख सांगितली.

त्या दिवशी आम्ही हार आणला, श्रीफळ आणलं. मी भाषण तयार केलं होतं, त्यात मी त्यांना अशी काही चढवली होती की ऐकून कूलर सुरू झाला असता. मी बोलायला उभा राहिलो तर त्यांनी हात वर केला. "पैलवान, हळू." मग मी हळूच बोललो, आणि हळू बोलल्यावर त्यातलं निम्मं खोटं आपोआप गळून गेलं.

सहा वाजले. मॅडम उठल्या. जाता जाता पालथी बोटं माझ्या मीटरला, बालाजीच्या लॅपटॉपला, श्रद्धाच्या चार्जरला लावून पाहिली. कुठंच गरम लागलं नसावं, त्या थांबल्या नाहीत. दारात पिशवी खांद्यावर नीट केली.

"मी निघाले."

चप्पल जिन्यातून उतरत गेली. गेटचा आवाज आला. इतकी वर्षं त्या आवाजावर आमच्या खुर्च्या मागं सरकत आल्या होत्या. त्या दिवशी एकही खुर्ची वाजली नाही. बालाजी समोर बघत होता, श्रद्धा हारातून निसटलेल्या शेवंतीच्या फुलाकडं. मी माझ्या हातांकडं.

कुणी हललं नाही, म्हणून थोड्या वेळानं दिवे विझले.

"कोण जागं आहे इथं?" अंधारात बालाजीनं विचारलं.

आम्ही तिघंही होतो. ओवाळायला हात कुणी वर केला नाही.